साउंड कार्डाचं नंतर बघू, आधी त्या झिणझिण्या

पत्र, थोडक्यात: मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त. सांगलीत वडिलांनी बांधलेल्या जुन्या घरात राहते. लग्नाआधी काही वर्षं गाणं शिकले. आता गात नाही, पण रोज संध्याकाळी दोन तास ऐकते. मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याचा डेस्कटॉप माझ्याकडे ठेवून गेला. त्याला दोन छोटे स्पीकर आणि एक वूफर जोडलाय. तंबोरा लागला की त्याच्या मागे सतत घूंऽ असा आवाज येत राहतो. पुरुष गायकांच्या रेकॉर्डिंगला तो जास्त खुपतो, कुणी उतरलेला पंचम धरून बसल्यासारखा. माउस हलवला की बारीक खरखरही होते. दुकानदार म्हणाला, मदरबोर्डवरचं (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवरचं) साउंड कामाचं नसतं, ७.१ चं कार्ड बसवा, साडेआठ हजारांना. माझी तयारी बारा हजारांपर्यंत आहे. शिवाय चाळीसेक कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. त्यातल्या एकीत आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, घरच्या टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट प्लेअरवर) रेकॉर्ड केलेल्या. तेही त्या कार्डावर होईल का? (जाता जाता: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्त. मुलगा म्हणतो, सगळ्याच कॉम्प्युटरना येतात.)

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. म्हणून मी शेवटापासून सुरुवात करतो. कार्डाचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी घरी वायरमन बोलवा.

कॉम्प्युटरमध्ये मागच्या बाजूला जिथे विजेची केबल लागते, त्या डब्याला एसएमपीएस म्हणतात. आतली खरखर बाहेर घराच्या लाइनवर जाऊ नये म्हणून त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांच्यातून थोडी वीज कायम झिरपत असते. ती प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जावी अशी सोय केलेली असते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये ती पिन कशालाच जोडलेली नसली, तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर आपल्या २३० व्होल्टच्या साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. पावसाळ्यात फरशी आणि पाय ओले असतात, म्हणून तेव्हा जास्त. सगळ्याच कॉम्प्युटरना येतात हे मुलाचं म्हणणं अर्थिंग नसलेल्या घरांपुरतं खरं आहे. चांगल्या अर्थिंगच्या घरात येत नाहीत.

आता गाण्याशी याचा संबंध. झिरपणाऱ्या या विजेला जमिनीची वाट मिळाली नाही की ती दुसरी शोधते, आणि कॉम्प्युटर ते स्पीकर जाणाऱ्या ऑडिओ केबलची बाहेरची जाळी तिला आयतीच सापडते. त्याच जाळीच्या आधारावर स्पीकर तुमचं गाणं मोजत असतो. मग गाण्यात वीज मिसळते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून घूं आवाज ५० आणि त्याच्या पटीत येतो. ५० चा सूर एवढ्या छोट्या संचातून नीटसा निघत नाही, १०० चा मात्र निघतो.

आणि तुमचा कान किती पक्का आहे ते बघा. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असेल तर त्याचा षड्ज साधारण १३८ आवर्तनांचा. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात, खालच्या सप्तकातल्या प मध्ये, लावलेली, म्हणजे १०४ च्या आसपास. तुमच्या घरातली वीज त्याच्या शेजारी १०० धरून बसली आहे. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्तच उतरलेला पंचम! तुम्ही पत्रात लिहिलंत ते उपमा म्हणून लिहिलं असेल, पण ते शब्दशः खरं आहे. बायका वरच्या पट्टीत गातात, तिथे तंबोराही वर लागतो आणि हा १०० चा सूर पंचमाच्या तारेच्या इतका जवळ राहत नाही, म्हणून तिथे तो कमी टोचतो. दुकानात कुणी यंत्र लावूनसुद्धा इतकं नेमकं निदान केलं नसतं.

वायरमनकडून दोन कामं करून घ्या. कॉम्प्युटरच्या सॉकेटची अर्थ पिन खरोखर मेन बोर्डापर्यंत आणि तिथून जमिनीपर्यंत जोडलेली आहे का, हे त्याने तपासायला हवं. जुन्या घरांत अंगणात मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा असतो. तो वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, आतली पट्टी गंजते, उन्हाळ्यात माती कोरडी पडते. तो खड्डा सापडला तर निम्मं काम झालं. दुसरं, बोर्डात आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. तो गाण्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, सगळे खूश होतात. पण पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतात. तसंच घूं आवाज घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाका असा सल्ला इंटरनेटवर मिळेल. तोही घेऊ नका. ताई, हे दोन्ही मी आग्रहाने सांगतोय.

अर्थिंग झालं की मग कानाने तपासणी करा. अर्धा तास पुरेल. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. स्पीकरची केबल कॉम्प्युटरच्या बाजूने काढून तुमच्या मोबाइलला लावा, आणि मोबाइल चार्जिंगला नको. मोबाइलमध्ये हेडफोनची जागा नसेल तर शेजारच्या कुणाचा जुना फोन घ्या. त्यावर तंबोरा स्वच्छ ऐकू आला तर स्पीकर निर्दोष आहेत. तिथेही घूं आलंच तर दोष स्पीकरमध्ये आहे आणि जगातलं कुठलंही साउंड कार्ड तो घालवू शकणार नाही.

मग केबल परत कॉम्प्युटरला लावताना ती कुठे लावता ते बघा. माझा अंदाज आहे की सध्या ती पुढच्या बाजूला लावलेली आहे, हाताला सोपी पडते म्हणून. पुढचं भोक मदरबोर्डला एका लांब बारीक वायरने जोडलेलं असतं आणि ती वायर पंखे, डिस्क, ग्राफिक्स यांच्या शेजारून जाते. माउस हलवल्यावर होणारी खरखर बहुतेक तिथूनच येते. मागच्या बाजूला तीन रंगीत भोकं असतील: हिरवं, निळं, गुलाबी. स्पीकर हिरव्यात.

त्यानंतर आवाज कुठून वाढवायचा ते बदला. बरेच जण कॉम्प्युटरचा आवाज २० वर आणि स्पीकरचा नॉब पूर्ण फिरवून ठेवतात. त्यामुळे गाणं बारीक होऊन येतं आणि वाटेतली खरखर स्पीकर मोठी करतो. उलटं करा. विंडोजचा आवाज ८०-९० वर, प्लेअरचा पूर्ण, आणि रोजचा कमी-जास्त स्पीकरच्या नॉबवर. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये एन्हान्समेंट नावाची जी काही बटणं चालू असतील ती सगळी बंद करा. गाण्याला दिवाणखान्यात बसवून त्याला सभागृहाचा घुमारा देणं हे त्यांचं काम. तंबोऱ्याच्या जवारीवर, तारेच्या त्या भरल्या झंकारावर, त्याने नुसता चिखल होतो.

एवढं केल्यावर, माझा अनुभव सांगतो, दहापैकी सात-आठ घरांत लोक कार्डाचं नाव काढत नाहीत.

आता दुकानदाराच्या बोलण्याकडे. तो जे म्हणाला ते एके काळी खरं होतं. १९८९ मध्ये क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा घरच्या पीसीला टींटीं करणाऱ्या एका स्पीकरपलीकडे आवाजच नसे. कार्ड घेतलं तरच गाणं. १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ चं मानक आणलं आणि पुढे आवाज मदरबोर्डवरच येऊ लागला, पण सुरुवातीचा तो आवाज खरोखर सामान्य होता. त्या काळच्या नावाजलेल्या कार्डांतही खोट असायची. १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह सगळा आवाज आतल्या आत सेकंदाला ४८ हजार मोजमापांवर बदलून घ्यायचं, आणि सीडीचं गाणं ४४,१०० चं, त्यामुळे प्रत्येक गाणं एकदा पुन्हा मोजलं जायचं. जाणकार ऐकणाऱ्यांची त्यावर तक्रार असे. आज मदरबोर्डवरची साधी रिअलटेकची चिपही सीडीइतका आवाज नीट देते. अडचण चिपची नसते. ती ज्या पत्र्याच्या डब्यात, ज्या शेजारात बसलेली असते, अडचण त्या शेजाराची असते. आणि दुकानदार जे कार्ड देतोय तेही त्याच डब्यात, त्याच एसएमपीएसवर बसणार आहे.

७.१ म्हणजे आठ वाटा. सिनेमा आणि गेम यांना त्या लागतात. तुमचं सगळं संगीत दोन वाटांचं आहे, जुनी रेकॉर्डिंग तर एकाच वाटेची. साडेआठ हजारांत सहा वाटा रिकाम्या पडून राहतील.

दुकानदार १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट हेही सांगेल. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजते, त्यातून २२ हजार आवर्तनांपर्यंतचा सूर परत मिळतो. तरुण कानाची धाव २० हजारांपर्यंत. साठीनंतर तुम्हाआम्हाला १०-१२ हजारांच्या वर फारसं ऐकू येत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण आवाजाचा पोत, जवारीचा झंकार, तबल्याची किनार हे सारं प्रामुख्याने त्याच्या आतच आहे. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. चांगल्या कॅसेटमध्ये ते ५०-६० च्या घरात असतं. मोठे आकडे रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाचे आहेत, तिथे आवाजावर पुन्हा पुन्हा संस्कार करायचे असतात. ऐकायला नाहीत.

एवढं सगळं करूनही मागच्या हिरव्या भोकातून खरखर राहिलीच, तर आवाज त्या डब्याच्या बाहेर काढायचा. कॅबिनेटमधलं कार्ड नको, यूएसबीला लागणारी छोटी डबी घ्या. माझ्या मते तुमच्यासाठी बेहरिंगरचं यूसीए-२०२ किंवा त्याचा जुळा भाऊ यूसीए-२२२ योग्य. तळहातावर मावेल एवढं. एका बाजूला आवाज आत घ्यायची लाल-पांढरी भोकं, दुसरी तशीच जोडी आवाज बाहेर द्यायला, आणि शिवाय ऑप्टिकलची (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या तारेची) सोय. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, त्याच्यावर काही नाही, आणि तुम्हाला काही लागतही नाही. ऐकणं आणि कॅसेट, दोन्ही एका डबीत होतात आणि बारा हजारांतला मोठा वाटा हातात राहतो. त्याच्यावरचं हेडफोनचं भोक मात्र कामापुरतं समजा. रोज हेडफोनवर ऐकणार असाल तर पुन्हा लिहा, ते उत्तर वेगळं आहे.

उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. तुमच्या गाण्यात खरा फरक तिथेच पडणार आहे. दोन छोटे स्पीकर आणि एक वूफर हा संच सिनेमाच्या धडामधूमसाठी बनवलेला असतो. तबल्यातल्या डग्ग्याचा बोल आणि पुरुषी गळ्याचा खर्ज वूफरकडे जातो, गळा छोट्या स्पीकरकडे, आणि दोन्हींच्या मधला जो भराव, जिथे आलापाचा जीव असतो, तो कुणाच्याच वाट्याला येत नाही. चार इंची वूफरचे, अॅम्प्लिफायर आतच असलेले, लाकडी पेटीचे दोन स्पीकर बघा. एडिफायरचा आर-१२८०-डीबी हा त्यातला एक, त्याला ऑप्टिकलची सोयही आहे. त्या डबीतून ऑप्टिकलची तार या स्पीकरला लावली तर कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यात धातूची वायरच राहत नाही, नुसता प्रकाश जातो. उतरलेल्या पंचमाला मग यायला रस्ताच नाही. घेण्याआधी आजचा भाव बघा, आणि शक्य असेल तर दुकानात तुमच्या ओळखीचं, शंभरदा ऐकलेलं रेकॉर्डिंग लावून ऐका. तुम्ही मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढून घेताना जशा कान लावून बसला असाल, तसंच.

स्पीकर नवे असोत की जुने, शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. दोघांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच तुमच्यापासून, आणि तोंड तुमच्या कानाच्या उंचीला. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं की खर्ज फुगतो. याला एक रुपया लागत नाही.

आता कॅसेट. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी वडिलांच्या बारा-तेरा कॅसेट मी घरच्या कॉम्प्युटरवर घेतल्या, आणि वायर लावली गुलाबी भोकात. गुलाबी भोक माइकचं. माइकमधून अगदी क्षीण आवाज येतो असं धरून ते त्याला कित्येक पटींनी वाढवतं. टेपमधून येणारा आवाज मुळातच मोठा, तो तिथे चेपला गेला, डावं-उजवं एक झालं आणि तबल्याची प्रत्येक थाप फाटली. घरात ऐकलं तेव्हा मला वाटलं जुन्या कॅसेट अशाच असणार. खरं कळलं तोवर दोन पावसाळे गेले होते आणि मूळ कॅसेटना बुरशी लागली होती. वडिलांच्या आवाजाची ती फाटकी प्रतच माझ्याकडे आहे. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच मला वाटतं.

निळं भोक लाइन-इनचं, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं. ते असेल आणि कॉम्प्युटरची खरखर गेली असेल तर कॅसेटसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. डबी घेतलीत तर तिचं लाल-पांढरं आत घेणारं तोंड वापरा. टू-इन-वनला लाइन आउट असेल तर तिथून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून. तिथून घेताना टू-इन-वनचा आवाज साधारण निम्म्यावर ठेवा, बास-ट्रेबल मधोमध. यूसीए-२०२ ला आत येणारा आवाज कमी-जास्त करायचा नॉब नाही, म्हणून पातळी टू-इन-वनवरूनच जुळवायची. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची पट्टी हलताना दिसते. गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या तानेलाही ती पट्टी शेवटाला टेकू देऊ नका, उणे ६ डेसिबलच्या खुणेच्या आसपास थांबू द्या. बारीक आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

त्याआधी टू-इन-वनचं हेड पुसून घ्या. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीवर घेऊन. काडीला तपकिरी डाग लागेल, तो येईनासा होईपर्यंत. हेडच्या बाजूला एक छोटा स्प्रिंगवाला स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. कॅसेट चालू असताना तो पाव-पाव फेरा हलवून बघा. आवाज एका जागी एकदम उघडतो, स-श स्पष्ट होतात. तिथे सोडा. दुसऱ्या टेपवर रेकॉर्ड झालेली कॅसेट असेल तर ती जागा थोडी वेगळी येते. साठ मिनिटांची कॅसेट साध्या वेव्ह फाइलमध्ये सहाशे एमबीच्या आसपास होते, म्हणजे चाळीस कॅसेट ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये आरामात मावतात. दोन पेनड्राइव्ह घ्या, एक पुण्याला मुलाकडे ठेवा. एमपी३ नंतर हव्या तितक्या करा, मूळ वेव्ह पुसू नका.

आईच्या ओव्यांची कॅसेट पहिली घेऊ नका. आधी बाजारात विकत घेतलेल्या पाच-सहा घ्या, हात बसू द्या, टू-इन-वन टेप खात नाही याची खात्री होऊ द्या. मग ती कॅसेट उन्हापासून दूर, कोरड्या खोलीत एक दिवस ठेवा, पेन्सिल घालून हाताने दोन-चार फेरे फिरवून बघा, कुठे चिकटत नाही ना. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि मगच रेकॉर्डिंग. मध्ये जात्याची घरघर येईल, कुणाच्या बोलण्याचा, भांड्यांचा आवाज येईल. आवाज साफ करणारं बटण ऑडॅसिटीत आहे, ते मूळ फाइलवर दाबू नका. जात्याच्या घरघरीशिवाय त्या ओव्या कशा लागतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आज, हे वाचून झाल्यावर, वायरमनला फोन करायच्याही आधी ती कॅसेट हातात घ्या. टेप उघडी असते त्याच्या विरुद्ध कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे टॅब असतील. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही मोडून टाका. ते मोडले की टू-इन-वनचं लाल बटण दाबलंच जात नाही, आणि चुकूनही त्या ओव्यांवर काही रेकॉर्ड होत नाही.